बाई, तुमच्या पेन्सिलीचं ऋण

आदरणीय बाई,
सा. न.

अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही' या कवितासंग्रहावर लिहिलेलं माझं पहिलं परीक्षण घेऊन मी वाचनालयात आले होते, आठवतं? दीड पानात तीनदा 'आशयघन', दोनदा 'तरल', शेवटी 'संग्राह्य'. तुम्ही प्रत्येक शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केलात आणि विचारलंत, "हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही संग्रहाला चालेल ना? मग ते या संग्रहाबद्दल नाहीच." खोडायला मलाच लावलंत. खोडताना कळलं की कोलटकरांच्या कवितेबद्दल मी अजून काही बोललेच नव्हते.

मग पुस्तक पुढ्यात सरकवून म्हणालात, मोठ्यानं वाच. मी अर्थ लागेल तशी वाचत गेले. तुम्ही थांबवलंत. "ओळ तुटते तिथे थांब. अर्थ एकीकडे संपतो आणि ओळ दुसरीकडे, तिथेच कवीचं काम दिसतं." त्या दुपारी संग्रहातली 'नादेझ्दा' ही कविता तीनदा वाचून घेतलीत. कागदावर ठेवणं धोक्याचं म्हणून नवऱ्याच्या, रशियन कवी ओसिप मांडेलश्टामच्या, कविता पाठ करून जपणारी ती बाई मला डोळ्यांपेक्षा आधी कानांनी भेटली. इजिप्तची देवी इसिस, ट्रॉयची कॅसान्ड्रा, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, व्हिएतनामची किम, या साऱ्याजणींचं रडणं एका पुस्तकात आहे, तरी ते पुस्तक रडकं नाही, हे मी दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं. ते माझं पहिलं खरं वाक्य.

विक्रम सेठ यांची 'द गोल्डन गेट' (१९८६) हाती दिलीत तेव्हा मी बिचकले होते. अख्खी कादंबरी पद्यात, चौदा-चौदा ओळींची ५९० कडवी, अनुक्रमणिकासुद्धा यमकात! तुम्ही एवढंच म्हणालात, "आख्यानं ऐकत वाढलेल्या मुलीनं पद्यातल्या गोष्टीला घाबरायचं?" ती भीती तिथेच गेली.

गेल्या आठवड्यात एका नव्या कवयित्रीच्या पहिल्या संग्रहावर लिहीत होते. 'वेगळी वाट चोखाळणारी' असं हातून उतरलं. गोल केला, खोडलं, आणि संग्रह पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचला. तिच्या ओळी क्रियापदाच्या आधी तुटतात. ऐकणारा दर वेळी अधांतरी राहतो. परीक्षण त्यावरच लिहिलं. त्या मुलीच्या वाट्याला नीट वाचणारं कुणी आलं असेल, तर ते तुमच्यामुळे.

तुमच्या खुणांचा तो कागद अजून 'भिजकी वही'त आहे. पुढच्या महिन्यात पुस्तक घेऊन येते. या वेळी 'नादेझ्दा' तुम्ही वाचा, मी ऐकते.

तुमची,
वाचनालयातली विद्यार्थिनी