बाबा, किल्लीबद्दल बोलायचंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई बोलता बोलता एकदम गप्प झाली तेव्हाच मला कळलं काहीतरी आहे. मग हळूच म्हणाली, अगं हे आणि तुझा दादा शेजारी जेवायला बसतात पण एक शब्द बोलत नाहीत, आणि रात्री हे दुकानाची किल्ली उशाखाली घेऊन झोपतात. बाबा, आईवर चिडू नका, तिने चुगली नाही केली, तिला सांगायला माझ्याशिवाय आहे कोण. फोनवर मला हे नीट बोलता येणार नाही, मला रडू येतं नाहीतर मागे दादा असतो, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. दादाने ऐकलं तरी चालेल.

एक गोष्ट सांगायचीय, इथल्या, अमेरिकेतल्या फुटबॉलची. तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध, पण ऐका, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तुम्ही आणि हा माणूस दोघं एकत्रच आहात.

इथला फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नाही. लांबट चेंडू असतो, तो हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढे फेकायचा. अकरा जणांत एक क्वार्टरबॅक असतो आणि जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातातून सुरू होतो. कोचचा आवाज त्याच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर येतो, तो बाकी दहा जणांना काय करायचं ते सांगतो, मग समोरच्यांची मांडणी बघून अगदी शेवटच्या क्षणी ओरडून सगळं बदलूही शकतो, आणि चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत ठरवायचं कुणाकडे फेकायचा, कारण सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर धावून येत असतात. क्रिकेटमध्ये जुना आणि नवा दोघं एकाच टीममध्ये खेळू शकतात ना बाबा, जुन्याला खालच्या नंबरला पाठवता येतं, स्लिपमध्ये उभं करता येतं. इथे ती सोय नाही. खुर्ची एकच.

आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात डॅलसला आलो तेव्हा या शहरात ती खुर्ची टोनी रोमोची होती. काउबॉइज, म्हणजे डॅलसची टीम, इथे काय आहे ते कसं सांगू, सोमवारी ऑफिसात कुणाचा चेहरा कसा आहे त्यावरून रविवारी टीम जिंकली की हरली ते कळतं. रोमोला २००३ मध्ये नव्या पोरांच्या निवडीत एकाही टीमने घेतलं नव्हतं. काउबॉइजनी नुसतं ठेवून घेतलं, मग तीन वर्षं बाकावर. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये एका मॅचच्या मधेच जुन्या ड्रू ब्लेडसोला बसवून याला उतरवला आणि तिथून पुढे दहा वर्षं हाच. (तो ब्लेडसो पण बघा, आधी न्यू इंग्लंडच्या टीममध्ये होता, २००१ मध्ये जखमी झाला आणि त्याची जागा टॉम ब्रेडी नावाच्या पोराने घेतली ती घेतलीच.) रोमो निवृत्त झाला तेव्हा टीमच्या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त टचडाउन पास (फेकलेला चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे झेलला जाऊन पॉइंट मिळतात ते) त्याचे होते, २४८. चॅम्पियनशिप मात्र कधीच नाही मिळाली त्याला.

२५ ऑगस्ट २०१६. सिएटलला सराव सामना होता, ज्याचे पॉइंट पण मोजत नाहीत असा, आणि तिसराच डाव. रोमो चेंडू घेऊन पळाला आणि मागून एकाने त्याला धरलं, त्याच्या वजनाखाली हा पुढे दुमडला आणि मग पाठीला हात लावून तिथेच. कमरेजवळचा मणका दबून मोडला होता. वय ३६. आदल्याच वर्षी खांद्याजवळचं हाड, कॉलरबोन, दोनदा मोडलेलं. बाबा, जुलैमध्ये तुम्ही गोडाऊनमध्ये खताच्या थप्पीवरून पडलात आणि दादाने एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो पाठवला ना, तो मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचला. मणका दबलाय एवढं वाचलं आणि मला पहिल्यांदा रोमोच आठवला, पाठीला हात लावलेला.

त्याची जागा घ्यायला होता तो राखीव खेळाडू पण सरावात पाय मोडून आधीच बाद झालेला. मग उरला डॅक प्रेस्कॉट, २३ वर्षांचा, त्याच वर्षी निवडलेला, तेही चौथ्या फेरीत, १३५ व्या नंबरवर. म्हणजे त्याच्याकडून कुणी काही धरलेलंच नव्हतं. त्याची आई तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली. पहिली मॅच एका पॉइंटने हरला, १९-२०, आणि मग लागोपाठ ११ जिंकला. अकरा! टीमचे मालक जेरी जोन्स सुरुवातीला सारखे सांगायचे की टोनी बरा झाला की टोनीच खेळणार. मग टोनी बरा होत आला आणि त्या बोलण्याची धार कमी कमी होत गेली. समोर येऊन स्पष्ट कुणी काही बोलेना, नुसतं आठवड्यामागून आठवडे चाललेलं. ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणायचे समोर एवढी दणकट फळी संरक्षणाला असताना रोमो याच्यापेक्षा भारी खेळला असता, दुखापतीने माणसाची जागा जाऊ नये हा साधा नियम आहे. दुसरे म्हणायचे चालती गाडी कशाला थांबवायची.

मी रोमोच्या बाजूने होते. खरं सांगते, पोटतिडकीने भांडायचे, मला खेळ धड कळत नव्हता तरी.

१५ नोव्हेंबरला टीम आठ जिंकून एक हरलेली होती आणि रोमो पत्रकारांसमोर आला. आम्ही पँट्रीतल्या टीव्हीसमोर उभे होतो, कुणीतरी मायक्रोवेव्ह लावलेला तो मधेच बंद केला. हातात कागद होता, लिहून आणलेलं. तो वाचत होता आणि मधे मधे वर बघत होता. म्हणाला की हे सगळं किती काळोखाचं होतं, आयुष्यभर ज्यासाठी राबलो ते हातातून गेल्यावर काय वाटतं. आणि मग म्हणाला की मला हे म्हणणं कितीही जड जात असलं तरी या मुलाने क्वार्टरबॅक व्हायचा हक्क कमावलाय. असंही म्हणाला की माणसाच्या दोन लढाया असतात, एक समोरच्याशी आणि एक आपल्या आतल्या माणसाशी. प्रश्न घेतले नाहीत. कागद घेतला आणि गेला. पँट्रीत कुणी बोललं नाही बराच वेळ.

आई, तेव्हा मी तुला फोन केला होता, आठवतंय का तुला, रडत होते आणि तुला वाटलं घरी भांडण झालं.

मला आजही वाटतं की रोमोवर अन्याय झाला. आणि निर्णय बरोबर होता. हे दोन्ही मला एकदम वाटतं आणि त्यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही. तसंच मला आपल्या दुकानाचं वाटतं, बाबा, म्हणून हे सगळं पाल्हाळ लावलंय.

तुम्ही ते दुकान उभं केलंत तेव्हा तालुक्याला कृषी सेवा केंद्र म्हणजे काय ते लोकांना माहीत नव्हतं. मी लहानपणी गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ केलाय, औषधांचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. बागायतदार खिशातून द्राक्षाचं पान काढून काउंटरवर ठेवायचा आणि तुम्ही ते उलटं करायचात, उजेडाकडे धरायचात, अंगठ्याने मागची बुरशी पुसून बघायचात आणि म्हणायचात, डावणी आहे, पण आज नको फवारू, रात्री पाऊस येईल, पैसे वाया जातील. आणि यायचा पाऊस. धंदा बुडवून सांगायचात तुम्ही. ते दादाला येत नाही आणि त्याला ते माहीत आहे, त्याने मला स्वतः सांगितलंय.

पण तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा ऑक्टोबर छाटणीचा पूर्ण हंगाम त्याने एकट्याने काढला बाबा. तुमच्या वहीतली उधारी त्याने गोडीत वसूल केली, भांडण न करता, बागायतदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, रात्री अकरा वाजता लोक पानाचे फोटो पाठवतात आणि तो ते कृषी अधिकाऱ्यांना विचारून उत्तर देतो. वहिनी सांगत होती तो झोपेत पण हिशोब बोलतो. मग तुम्ही पट्टा बांधून पहिल्या दिवशी दुकानात आलात, खुर्चीवर बसलात आणि आलेल्या माणसाने तुमच्या तोंडावर विचारलं, दादा कुठायत. मला आईने हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं. त्या माणसाचा काही दोष नाही. दादाचा पण नाही. पण तुम्हाला काय झालं असेल ते मला कळतं.

दादाची चूक मला एकच वाटते आणि ती मी त्याला बोललेय. त्याने तुमच्याशी समोरासमोर बोलायला हवं होतं, पहिल्याच दिवशी. तो गप्प राहिला, काउंटरच्या या टोकाला उभा राहिला आणि तुम्ही काय ते समजून घ्याल असं धरून चालला. इथे त्या टीमनेही नेमकं तेच केलं होतं, आठवडेच्या आठवडे.

आणि तुम्ही म्हणाल की दर वेळी नव्यालाच का द्यायचं. नाही बाबा, दर वेळी नाही. हाच डॅक २०२२ मध्ये पहिल्याच मॅचला अंगठा मोडून बसला, त्याच्या जागी कूपर रश आला आणि लागोपाठ चार मॅच जिंकला. तरी डॅक बरा झाल्यावर जागा डॅकलाच परत दिली. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, पुढे वर्षं होती, मोडला होता तो अंगठा. मणका नाही. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय ते आठवा, आठ-आठ तास बसायचं नाही, पोतं तर हलवायचंच नाही, आणि तुम्ही परवा दहा किलोचा डबा उचललात म्हणे.

रोमोच्या त्या हंगामात शेवटी काउबॉइज हरलेच, जानेवारी २०१७ मध्ये, ग्रीन बेच्या टीमशी ३४-३१, अगदी शेवटच्या सेकंदाला. लोक म्हणाले रोमो असता तर. मी पण म्हणाले. पण त्याआधी १ जानेवारीला फिलाडेल्फियाला काय झालं ते मला जास्त लक्षात आहे. त्या मॅचच्या निकालाने काही बदलणार नव्हतं म्हणून रोमोला थोडा वेळ उतरवला. चार पास टाकले, तीन लागले, शेवटचा टचडाउन. मग बाहेर आला. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा पास होता.

एप्रिलमध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी टीव्हीवर कॉमेंट्री करायला लागला, कधीही न केलेली. आणि काय करायचा माहितीये? डाव सुरू व्हायच्या आधी सांगायचा, आता हा डावीकडे फेकणार बघा, आणि तो डावीकडेच फेकायचा. सगळा देश चकित झाला. मी नाही झाले. मी लहानपणापासून एका माणसाला पान उलटं करून पाऊस सांगताना बघितलंय.

बाबा, माझं मागणं एवढंच आहे. किल्ली दादाला द्या, पण तुम्ही द्या, तुमच्या हाताने, दुकानात, चार बागायतदार बसलेले असताना. रोमोला कुणी ढकलून त्या खोलीत आणलं नव्हतं, तो कागद घेऊन स्वतः आला, आणि त्या दिवशी मला तो खेळताना वाटायचा त्याहून मोठा वाटला. आणि रोज सकाळी दोन तास या, पट्टा बांधून, ती मागची लाकडी खुर्ची काउंटरच्या बाजूला घ्या जिथे दारातून उजेड येतो. पान बघायला तुम्हीच. फोटोत पानाची मागची बाजू कुठे दिसते?

आई, तू त्या दोघांना आज एकदम वाढू नको, आधी बोलू दे.

आणि बाबा, आमच्या मागच्या अंगणात कुंडीत लिंबाचं झाड लावलंय, त्याच्या कोवळ्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा पडल्यात आणि पानं आतल्या बाजूला वळतायत. पाच-सहा पानं वहीत दाबून ठेवलीयेत, फोटो सोबत पाठवतेय, पुढचा आणि मागचा दोन्ही. इथल्या नर्सरीवाल्याने एक बाटली दिलीय पण मी अजून उघडली नाही. तुम्ही सांगाल तेव्हाच फवारेन.

तुमची,
धाकटी