साहेबांनाही प्रशिक्षण हवे

महोदय,

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुपरवायझर नेमताना मशीनचे ज्ञान तपासतात, माणसे सांभाळण्याचे नाही. आईच्या ऑपरेशनसाठी रजा मागणाऱ्या पोराला "तुमची रोजचीच रडगाणी" असे ऐकवणारे साहेब मी पाहिले आहेत. शंका विचारायला आलेल्याला खुर्ची पुढे करणारेही पाहिले आहेत.

हा फरक केवळ स्वभावाचा नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेला भावबंधाचा सिद्धांत सांगतो, की लहानपणी आधाराची खात्री नसेल तर मोठेपणी माणूस बहुधा जवळीक टाळतो किंवा धास्तावलेला राहतो. टाळणाऱ्याला मदत मागणारा दुबळा वाटतो. धास्तावलेल्याला गप्प बसलेला कामगार नाराज वाटतो. कामगार मात्र तोच असतो! इस्रायली लष्करातला २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर काळजीत टाकणारा आहे: जवळीक टाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या सैनिकांचे मानसिक स्वास्थ्य ढासळत गेले.

ही घडण कायमची नसते, भरवशाच्या नात्यांनी ती बदलू शकते. म्हणून 'निमा'सारख्या उद्योजक संघटनेने सुपरवायझरांसाठी समुपदेशकांची सत्रे घ्यावीत, आणि ती कामाच्या वेळेतच घ्यावीत.

– एक कामगार, सातपूर, नाशिक