खरं निघालं म्हणून काय झालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला आमच्या गल्लीतल्या एका मुलाने गावच्या ग्रुपवर टाकलं, 'पुलावर पाणी आलं, रस्ता बंद.' मी त्याला विचारलं, "तू बघून आलास? कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "काका, एवढा पाऊस चाललाय, आलंच असणार." सकाळी कळलं, पाणी खरोखरच दहापासून पुलावर होतं. "बघा, खरं निघालं की!" त्याच्या मते विषय तिथेच मिटला. माझ्या मते नाही.

मी कृष्णाकाठच्या एका सजावर तलाठी होतो. २००५ च्या महापुरानंतर पंचनामे चालू होते. ओढ्याला पाणी असल्याने एका शेतापर्यंत जाता येईना. गावचा कोतवाल, म्हणजे तलाठ्याचा मदतनीस, म्हणाला, "भाऊसाहेब, सोयाबीन सगळं कुजलंय." मी लिहिलं, 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता...' चार दिवसांनी ओढा उतरल्यावर गेलो, तर पीक खरंच काळं पडून कुजलं होतं. शेतकऱ्याला मदत मिळाली आणि ती त्याच्या हक्काचीच होती. कोणाचंही नुकसान झालं नाही. तरी त्या ओळीखाली सही करण्याचा अधिकार मला त्या दिवशी नव्हता, हे आज वीस वर्षांनीही मला टोचतं.

'पुलावर पाणी आलं' असं कोणी सरळ म्हटलं की त्याला ते माहीत आहे, असंच आपण धरून चालतो. 'पुलावर पाणी आलंय, पण आलंय की नाही मला माहीत नाही' असं कोणी म्हणालं, तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू.

मनापासून खरं वाटणंही पुरत नाही. मार्च १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाईंनी जयप्रकाश नारायण गेल्याचं जाहीर केलं. संसदेचं कामकाज थांबलं, शाळा-दुकानं बंद झाली. जयप्रकाशजी तेव्हा मुंबईत रुग्णालयात होते, जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. मोरारजींनी फसवलं नव्हतं, त्यांना ते खरंच वाटत होतं. पण देशाने त्यांच्या शब्दावर विसंबून सुतक पाळलं.

आपल्या भाषेत यावर किती सोपी सोय आहे! 'पुलावर पाणी आलं म्हणे.' या एका 'म्हणे'ने ऐकणाऱ्याला कळतं की बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही. 'आलं असेल', 'आलं असावं' यांचंही तेच. माझी आई 'म्हणे' कधी गाळायची नाही. आता बातम्यांतून तो गळत चाललाय आणि 'समजते' उरलंय, तेही कोणाकडून समजलं ते न सांगता. माझी विनंती एवढीच, की पुराच्या दिवसांत पातळी छापताना ती कोणी, कुठे आणि किती वाजता मोजली ते छापा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. मथळ्यात या दोन्हींची गल्लत झाली की आमच्याकडे रात्री घरं हलतात.

यावर कोणी म्हणेल, खात्री होईपर्यंत थांबलो तर माणसं बुडतील. पण थांबा असं मी म्हणतच नाही. आमचा तोच कोतवाल पुराच्या रात्री दारोदार जाऊन सांगायचा, "देवळाच्या पायरीपर्यंत पाणी मी बघून आलोय. पुढचं ठाऊक नाही. जनावरं सोडा." तेवढ्यावर सगळी गल्ली उठायची.

आपला,
एक निवृत्त तलाठी, जि. सांगली