विषय: फायबर तुमची, म्हणून नेटही तुमचंच घ्यायचं का?

नमस्कार,

रात्री आठनंतर आमच्याकडे नेट रांगतं, पोरीचा क्लास गोल गोल फिरत बसतो आणि कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर, राउटर बंद करून परत चालू करा. तेही करून झालं हो. पण आज तक्रार स्पीडची नाहीये.

कंटाळून दुसऱ्या कंपनीला बोलावलं तर त्यांचा माणूस बिल्डिंगच्या डक्टला (वायरी वर नेण्याच्या मोकळ्या जागेला) तुमचं कुलूप बघून आल्या पावली परत गेला, सेक्रेटरींना विचारलं तर म्हणे बिल्डरने पझेशनच्या आधीच तुमच्याशी करार करून ठेवलाय. म्हणजे फ्लॅट आमचा, हप्ते आम्ही भरतोय आणि भिंतीतून कोणाचं नेट येणार ते ठरवणार तुम्ही! मग स्पीड सुधारायची तुम्हाला गरजच काय, आम्ही जाणार कुठे?

आता लाइटचं बघा. आम्ही मालाडला राहतो. आमच्या इथली वायर आधी रिलायन्सची होती, आता अदानीची आहे, पण 2009 पासून याच वायरवरून टाटाची वीज घेता येते, नवीन खोदकाम नाही की काही नाही. बिलात विजेचे पैसे वेगळे आणि वायरचं भाडं म्हणून व्हीलिंग चार्ज वेगळा. वायरवाल्याचंही नुकसान नाही ना.

नेटला हे जमत नाही असं सांगू नका. ब्रिटनमध्ये बीटी या टेलिफोन कंपनीला 2006 मध्ये वायरचं काम ओपनरीच म्हणून वेगळं काढावं लागलं, मालकी अजून बीटीचीच आहे पण स्काय, टॉकटॉक या दुसऱ्या कंपन्या त्याच वायरवर आपापलं नेट विकतात. आपल्याकडे 2004 ला ट्रायने (टेलिफोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) टेलिफोनची तांब्याची लाइन दुसऱ्या कंपन्यांनाही वापरू द्या अशी शिफारस केली होती, सरकारने ती मानली नाही, आणि त्याची फळं आम्ही भोगतोय (रस्ते प्रत्येक कंपनीसाठी परत परत खोदले जातात ते वेगळंच).

तर एकतर डक्टचं कुलूप काढा आणि दुसऱ्यांना त्यांची वायर टाकू द्या, नाहीतर तुमचीच फायबर त्यांना रीतसर भाड्याने द्या, जे काय वाजवी भाडं असेल ते आम्ही बिलात भरू. आणि बिल्डरसोबतच्या कराराची कॉपी सोसायटीच्या ऑफिसात पाठवा. या तक्रारीचा डॉकेट नंबर मेसेज करा, "तुमची समस्या सोडवण्यात आली आहे" असा मेसेज नकोय. तो आला तर थेट तुमच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करणार.

एक ग्राहक,
मालाड (पश्चिम)