‘ऑबो कोणी वाजवला?’ असं विचारणाऱ्या अंकलना

प्रिय अंकल,

फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चल, चहा थंड होतोय’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. नातीकडून वाचून घ्या. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून मुद्दाम उघडं लिहितेय, रागावू नका.

गेल्या महिन्यात व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना मुंबईतल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा इतिहास सांगायला मला बोलावलं होतं. अर्धा तास. चार पानांचं टिपण काढून मी तुमच्याकडे आले ती खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच. १९३५ साली व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. १९४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कला व्हायोलिनचे गुरू इव्हान गॅलामियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी होऊन शिकायला गेले आणि चार वर्षांनी परतले. घरातच तालमी ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेला, आणि पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुम्ही चारही पानं सावकाश वाचलीत, चष्मा काढलात आणि एवढंच विचारलंत, “सगळा बरोबर. पण बाय, ऑबो कोणी वाजवला?”

ऑबो म्हणजे ते सनईसारखं फुंकीचं वाद्य. मला काय माहीत ते कोणी वाजवलं!

मग तुम्ही पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढलीत. मला ओढू दिली नाहीत, कमरेचं दुखणं असूनही. आत तुमच्या थोरल्या भावाच्या हातच्या नकला होत्या. छापील संगीत विलायतेहून मागवायचं तर परवडायचं नाही, म्हणून एक प्रत कुठून तरी मिळवायची आणि रात्री जागून बाकीच्यांसाठी उतरवायची. त्यातला व्हायोलाचा, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या, खालच्या सुरातल्या भावंडाचा, एक कागद तुम्ही माझ्या हातात दिलात. कडा तपकिरी, उजवा कोपरा पान उलटून उलटून मऊ पडलेला. दुसऱ्या पानावर व्हायोलाला बारा मात्रापट्ट्यांची विश्रांती होती, आणि त्या मोकळ्या जागेत लाल पेन्सिलीनं बारीक सूर लिहिलेले. बाजूला: ‘ऑबो नाही. हे तू.’

तुम्ही म्हणालात, “हा बघ इतिहास.”

त्या दुपारी जे सांगितलंत ते मुलांना मी जवळजवळ जसंच्या तसं सांगितलं. तंतुवाद्यांची अडचण कधी पडली नाही. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्री पोरांना आधी सॉलफेज, म्हणजे स्वरलिपी बघून सूर म्हणणं, घोकायला लावायचे, मग हातात व्हायोलिन. स्वरलिपी वाचता येणारा मुलगा मुंबईत उपाशी मरत नाही, हे साष्टीतल्या आयांना पक्कं ठाऊक. धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, एक खाट मिळायची, भिंतीवर पेटी ठेवायला फळी. दिवसा सिनेमाची शिफ्ट, रात्री हॉटेलातला बँड, आणि उरलेल्या वेळात बीथोव्हेन. त्यांच्या शेजारी हौशी पारशी मंडळी. पण फुंकीची वाद्यं? ती नौदलाच्या बँडमधून यायची. म्हणजे वादकाची बदली झाली की सिम्फनीचा सूर बदलला. कार्यक्रम ठरवताना कोणता संगीतकार, यापेक्षा कोण सुट्टीवर आहे हे आधी बघावं लागायचं. माझ्या चार पानांत यातलं अक्षरही नव्हतं.

अँथनी गोन्साल्विस यांच्याबद्दल मात्र तुम्ही स्वतःहून बोललात, आणि तेव्हा तुमचा आवाज बदलला. माजोर्ड्याचा माणूस, प्यारेलालजींचा गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवरच्या रचना वाजवणारा सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि झेवियर्स कॉलेजच्या चौकात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना घेऊन तो वाजवला. पुढे शिष्यानं गुरूचं नाव सिनेमाच्या गाण्यात घातलं, ते अख्ख्या देशानं म्हटलं, पण हा माणूस खरा होता हे किती जणांना माहीत? हे वाक्य तुमचंच. मी ते मुलांसमोर चोरलं.

१९६२ चा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा, पुढे २००६ मध्ये एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे मारात बिसेनगालिएव यांनी उभा केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, हे मी भराभर उरकलं. कारण मुलांना तो लाल पेन्सिलीचा कागदच परत परत बघायचा होता. एका मुलीनं विचारलं, “मग त्या व्हायोलावाल्यानं ते नीट वाजवलं का?” मी म्हटलं, कागद उतरवणाऱ्याच्या धाकट्या भावाला विचारून सांगते. तेवढं कळवा.

हे झालं गेल्या महिन्याचं. पण आभार त्याआधीपासूनचे थकलेत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकतीस वर्षांची होते. गिरगावातल्या चाळीत मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून, सा-प-सा-प जुळवून शिकलेली. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, वाद्य हनुवटीखाली दिलंत आणि म्हणालात, “मींड, ते सूर घसरवत नेणं, घरी ठेवून ये. इकडे बाजूच्याचा सूर आणि तुझा सूर एकाच वेळी पोचला पाहिजे.” तीन महिने मानेला कॅलेंड्युलाचं मलम चोळत होते. त्यानंतर, जरा कुठे जमतंय असं वाटतंय तोच, तुम्ही व्हायोलिन काढून घेऊन हातात व्हायोला दिलात. व्हायोलिनवाले पावसाळी बेडकांसारखे उगवतात, व्हायोलाला माणूस मिळत नाही, हे तुमचं कारण. व्हायोलाच्या स्वरलिपीत पाच रेषांतली मधली रेष म्हणजे ‘सी’ हा सूर, हे डोक्यात बसेपर्यंत मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोलले आहे. आता ते परत घेते.

आणि तो पहिला कार्यक्रम. शेवटच्या स्टँडवर, दोघांत एकच कागद, तुम्ही बाहेरच्या म्हणजे प्रेक्षकांकडच्या बाजूला, मी आतल्या, म्हणजे पानं उलटायचं काम माझं. संथ भागात चौदा पट्ट्यांची विश्रांती होती. मी अकरा मोजल्या आणि धनुष्य उचललं. सगळा हॉल शांत, एकटी बासरी चाललेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. स्वतःच्या धनुष्याचं टोक अलगद माझ्या मनगटावर ठेवलंत आणि तीन पट्ट्या होईपर्यंत तसंच ठेवलंत. नंतर कोणाला काही बोलला नाहीत, मलाही नाही. पुढच्या तालमीला माझ्या कागदावर त्या विश्रांतीच्या वर पेन्सिलीनं लहान बासरी काढलेली होती, ती थांबली की आपण सुरू. तेव्हापासून मी आकडे मोजत नाही, बासरी ऐकते.

मागे आपण रीगलसमोरच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये गेलो होतो. आता तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, १९९६ पासून. तिकिटाच्या रांगेत तुम्ही मला सांगत होतात की इथे मेन्युहिन वाजवून गेलेत. आत गेल्यावर चित्रांकडे न बघता तुम्ही एका कोपऱ्यात उभे राहून हळूच टाळी वाजवलीत. रखवालदार धावत आला. “आवाज बघत होतो,” म्हणालात त्याला, “पहिल्यासारखा नाही राहिला.” त्याला वाटलं तुमची तब्येत बरी नाही, त्यानं स्वतःचं स्टूल आणून दिलं.

तुमच्या भाषेत म्हणायचं तर देव बरें करूं, अंकल. माझ्या भाषेत यापेक्षा चांगला शब्द सापडत नाहीये.

भावाचा तो व्हायोलाचा कागद माझ्याकडेच आहे. येत्या रविवारी, तुमचा चर्चमधला मास आटोपला की घेऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवलाय, घडी घातलेली नाही. लाल पेन्सिल मुलांपैकी कोणी खोडू नये म्हणून खोडरबर मी आधीच गोळा करून ठेवले होते.

तुमची,
आतल्या बाजूची व्हायोलावाली