डायव्हरचा मेंदू कोण तपासणार?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत तारकर्लीच्या स्कूबावर पानभर आलं होतं, फोटो मस्तच. पण पाण्याखाली जाऊन पोट भरणाऱ्यांचं पुढे काय होतं यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या ह्यांनी बावीस वर्षं मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रात, डायव्हिंग केलं, आधी एअर, म्हणजे साधी हवा घेऊन, मग सॅच्युरेशन, म्हणजे खालच्या पाण्याइतक्याच दाबात दिवसेंदिवस राहून. खाली पंचाहत्तरेक मीटर पाणी, जहाजावरच्या चेंबरमध्ये तीन-तीन आठवडे कोंडून राहायचं, श्वासाच्या हवेतल्या हेलियममुळे आवाज बदकासारखा, आणि काम संपलं तरी दार उघडत नाही, प्रेशर उतरवायलाच तीन-चार दिवस.

आता साठी उलटलीय. परवा कोथिंबीर आणली, फ्रीजमध्ये ठेवली आणि अर्ध्या तासाने परत पिशवी घेऊन चपला घालायला लागले. डॉक्टर म्हणाले वय झालं. असेलही! बीपी आहे, मी सगळं खापर डायव्हिंगवर फोडत नाही. पण किती खोल जायचात, किती वर्षं, काही म्हणजे काही विचारलं नाही, फक्त बेंड्स (दाब झटकन उतरल्याने अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) झाले होते का एवढंच, ते झाले नव्हते म्हटल्यावर विषय संपला.

अहो पण १९९३ मध्येच नॉर्वेत तज्ज्ञांची परिषद झाली, तिथे मान्य केलंय की कधीच अपघात न झालेल्या काही डायव्हरांच्याही हाडांत, मेंदूत बदल दिसतात. बहुतेकांचे किरकोळ, हेही त्यांनीच म्हटलंय. पुढे २००४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांना विसरभोळेपणाची तक्रार बाकीच्या ऑफशोअर कामगारांपेक्षा डायव्हरांत जास्त सापडली, त्यातही वेल्डिंग केलेल्यांत. ह्यांनी तर पाण्याखाली आणि वर दोन्हीकडे वेल्डिंग केलंय.

नॉर्वेच्या समुद्रात काम केलेले जुने डायव्हर पार युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेले, आणि २०१३ मध्ये जिंकले, कारण किती वेगाने वर आणायचं याची टेबलं कंपन्यांनी गुपित ठेवली आणि सरकारनेही ती उघड करायला लावली नाहीत. आपल्याकडे कोर्ट राहू दे, निदान रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी मेंदूची, स्मरणशक्तीची एक तपासणी आणि प्रत्येकाच्या डाइव्हचं रेकॉर्ड त्याच्या हातात, एवढं तरी सक्तीचं करा. नोकरीत होते तोवर दरवर्षी मेडिकल व्हायचं, सुटले की कोण कुणाचं.

मी कंपनीला दोनदा फोन केला. जुनं काही ठेवत नाही म्हणाले. आमच्याकडे ह्यांची दोन लॉगबुकं आहेत, तिसरं २००५ च्या पुरात गेलं.

- एक वाचक, पनवेल