‘ग्लोबल’ सेटिंगची सवय कॉलेजातच मोडावी

महोदय,

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला मी बाह्य परीक्षक म्हणून जाते. मुलांची वेब ॲप्लिकेशन्स दिसायला देखणी असतात. पण ‘डेटाबेसचा पत्ता, कराचा दर, भाषा ही सेटिंग्ज तुमच्या सगळ्या क्लासपर्यंत पोहोचतात कशी?’ असे विचारले (क्लास म्हणजे प्रोग्रामचा एकेक काम सांभाळणारा भाग), की उत्तर ठरलेले: ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राममध्ये कुठूनही वाचता आणि बदलता येणारे मूल्य. जरा अभ्यासू विद्यार्थी असेल, तर ‘मॅडम, सिंगलटन’. तेवढ्यावर प्रश्न सुटला अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, कारण जर्नलमध्ये तसेच उतरवून घेतलेले असते. दोष मुलांचा नाही. शिकवणीचा आहे.

सिंगलटन म्हणजे ज्याचा एकच ऑब्जेक्ट (प्रत्यक्ष वापरायची प्रत) बनतो आणि जो कुठूनही मागता येतो असा क्लास. सेटिंग्जसाठी वापरला, की तो नाव बदललेला ग्लोबलच. कोणत्या क्लासला कोणते सेटिंग लागते, हे वरवर बघून कळत नाही. आतला सगळा कोड वाचावा लागतो.

माझे रोजचे काम पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचे. 22 सप्टेंबर 2025 पासून तूप आणि लोण्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दुग्धपदार्थांच्या एका विक्रेत्याकडे हा दर एका ग्लोबल ॲरेत (यादीत) ठेवलेला होता. तो बदलला आणि नवी बिले बरोबर निघू लागली. पण ऑगस्टमधल्या बिलाची दुसरी प्रत काढली, तर तीही 5 टक्क्यांनीच छापून आली. हजार रुपयांच्या तुपावर ग्राहकाने कर भरलेला 120 रुपये, प्रतीवर मात्र 50! माल परतीच्या क्रेडिट नोटची तीच गत. बिल छापणारा, परतीचा आणि महिन्याचा रिपोर्ट काढणारा असे तीन क्लास एकाच आकड्यावर विसंबून होते. कराचा दर हे मुळात सगळ्या ॲप्लिकेशनचे सेटिंगच नव्हे, तो बिलाच्या तारखेला बांधलेला आहे. ग्लोबलमध्ये टाकायची मुभा होती, म्हणून हा विचार कोणी केलाच नाही.

दुसरी गोष्ट याहून छळणारी होती. त्याच सिस्टीममध्ये पहाटे चारला आपोआप चालणाऱ्या जॉबमध्ये आधी रिपोर्ट निघे, मग गाड्यांवर जाणाऱ्या मालाची बिले. रिपोर्टच्या क्लासने स्वतःच्या सोयीसाठी टाइमझोन यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, केला होता आणि तो तसाच सोडला होता. पीएचपीत हा बदल जॉब संपेपर्यंत सगळ्यांनाच लागू होतो. परिणामी बिलांवर वेळ साडेपाच तास मागे, म्हणजे आदल्या दिवसाची तारीख. तक्रार बिलाची, म्हणून सगळे बिलाचाच क्लास तपासत राहिले. त्यात काहीच चुकीचे नव्हते.

पीएचपीत निदान नेहमीच्या पद्धतीत रिक्वेस्ट (एका पानाची मागणी) संपली की ग्लोबल पुसले जातात. नोड किंवा जावावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये एकच प्रोसेस (चालू प्रोग्राम) अनेकांच्या रिक्वेस्ट हाताळते. तिथे एका ग्राहकासाठी सामायिक ऑब्जेक्टमध्ये भाषा मराठी केली, तर त्याच क्षणी कन्नड निवडलेल्या दुसऱ्या ग्राहकाला मराठी पान जाऊ शकते.

उपाय नवा नाही. ॲप्लिकेशन सुरू होताना सेटिंग्ज एकाच ठिकाणी वाचावीत, त्यांचा न बदलणारा ऑब्जेक्ट करावा आणि ज्या क्लासला जेवढे लागते तेवढेच त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, द्यावे. पीएचपी 8.1 पासून ‘रीडओन्ली’, म्हणजे एकदा भरल्यावर न बदलणाऱ्या, प्रॉपर्टी भाषेतच आहेत. बिलाच्या क्लासला तारीखवार दरांचा तक्ता द्या. डेटाबेसच्या पासवर्डशी त्याला काय करायचे आहे?

‘दहा क्लासमधून सेटिंग हातोहात पुढे द्यायचे म्हणजे कटकट’ हा आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो खोटा नाही. लाराव्हेल, सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून देणारे भाग) ती जोडणी करून देतात. मात्र अख्खा कंटेनरच प्रत्येक क्लासच्या हाती दिला, तर आपण पुन्हा ग्लोबलवरच येतो. हेही प्रकल्पांत सर्रास दिसते.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे: ‘सिंगलटन लिहा’ या प्रॅक्टिकलला जोडून आणखी एक द्या. बिलाचा एकच क्लास, 21 आणि 22 सप्टेंबर 2025 या तारखांची तुपाची दोन बिले आणि दोन्हींचा कर एकाच वेळी बरोबर येतो हे दाखवणारी टेस्ट, एकही ग्लोबल न वापरता. तासाभराचे काम आहे. तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न विचारायला मला फार आवडेल.

– एक वेब प्रोग्रामर, सांगली